विश्वासाचं पाऊल पडतं कसं? : केडगावच्या रमाबाईंच्या कामावरून

मंडळीच्या सभेत कुणी मोठं काम सुचवलं की दोन आवाज हमखास उठतात. एक म्हणतो, ‘विश्वासाने पाऊल टाकू या, देव पुरवील.’ दुसरा विचारतो, ‘पण पैसे कुठे आहेत?’ पाळक दोघांकडे बघतात आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. पहिल्याला दुसरा अल्पविश्वासी वाटतो, दुसऱ्याला पहिला हवेत वावरणारा. ज्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी खरोखर धाडसाची कामं केली, त्यांच्यात मात्र हे दोन्ही आवाज एकत्र नांदत होते. कोणता आवाज कधी ऐकायचा, हे त्यांना ठाऊक होतं.

ते कसं, हे एका उदाहरणावरून टप्प्याटप्प्याने बघू. उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने मरायला टेकलेल्या तीनशे मुली-बायकांची जबाबदारी त्यांनी घेतली आणि त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. ही गोष्ट मंडळ्यांतून अनेकदा सांगितली जाते, पण बहुतेक वेळा चमत्कार म्हणून. बाईंनी प्रार्थना केली, त्या निघाल्या आणि सगळं झालं! गोष्ट अशी सांगितली की ऐकणारा भारावतो आणि घरी जातो. त्याला त्यातून करण्यासारखं काही सापडत नाही. म्हणून ती जरा उलगडून पाहायला हवी.

दुष्काळ ओळखीचा होता

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकणं पाप मानलं जाई त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. हे कुटुंब तीर्थक्षेत्री फिरायचं, पुराणं सांगायचं आणि मिळेल त्यावर गुजराण करायचं. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा जवळचं होतं नव्हतं ते संपलं. थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंदुस्थानभर फिरले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून झोपल्याची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे.

त्या आठवणींत आणखी एक गोष्ट येते आणि पुढच्या कामाचं मूळ तिच्यात आहे. हे विद्वान कुटुंब उपाशी मेलं त्याला नुसतं धान्याचं दुर्भिक्ष कारण नव्हतं. मजुरी करायची तर जातीचा अभिमान आड येत होता, आणि हाताने काम करून चार पैसे मिळवण्याची कुठलीच विद्या कुणाला येत नव्हती. पाठांतर होतं, पण पोटाला त्याचा उपयोग नव्हता. पुढे केडगावला प्रत्येक मुलीच्या हाताला काहीतरी काम शिकवण्यावर रमाबाईंनी जो भर दिला, त्याचं कारण हे आहे.

म्हणजे 1896 मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा ती रमाबाईंसाठी वर्तमानपत्रातली बातमी नव्हती. उपाशी तरुण मुलीचं काय होतं, तिला कोण हेरतं, कोण फसवतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आपल्या अंतःकरणात देवाने हे ओझं घातलं असं ख्रिस्ती माणूस म्हणतो, तेव्हा ते ओझं बहुतेक वेळा त्याच्या आयुष्याच्या ओळखीच्या बाजूनेच आलेलं असतं. पुढाऱ्याने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच साधा आहे. या दुःखाची मला आतून ओळख आहे का? नसेल तर ज्याला ती आहे असा माणूस माझ्याबरोबर आहे का?

जमीन आधी घेतलेली होती

दुसरा टप्पा गोष्ट सांगताना बहुधा गाळला जातो. दुष्काळ यायच्या आधीच रमाबाईंकडे केडगावला सुमारे शंभर एकर जमीन होती.

ती कशी आली ते बघण्यासारखं आहे. 1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी त्यांनी तिथे बाप्तिस्मा घेतला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे राहून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या, विशेषतः बालविधवांच्या, स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्या व्याख्यानांतून बॉस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन उभी राहिली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करण्याचं तिने कबूल केलं. त्या बळावर 1889 च्या मार्चमध्ये मुंबईला शारदा सदन निघालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

दहा वर्षं म्हणजे 1898 च्या सुमारास मदत थांबणार. रमाबाई ही तारीख विसरल्या नाहीत. मदत सुरू असतानाच त्यांनी पुढचा विचार केला. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. मदत संपेपर्यंत झाडं धरतील आणि बागेच्या उत्पन्नावर शाळा चालेल, असा तो हिशोब होता.

दुष्काळ येणार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तीनशे मुली येणार आहेत हेही नव्हतं. तरी स्वतःच्या मालकीची जागा आणि पाणी तयार होतं. ख्रिस्ती माणूस याला देवाची योजना म्हणेल, आणि म्हणावंही. पण त्या योजनेत रमाबाईंच्या वाट्याला आलेलं काम अगदी साधं, कंटाळवाणं होतं : मदत कधी संपणार ती तारीख लक्षात ठेवणं, जमीन बघणं, विहीर खणून घेणं. धाडसाच्या दिवशी कामाला येणाऱ्या बहुतेक गोष्टी अशा बिनधाडसाच्या दिवसांत तयार झालेल्या असतात.

लोणावळ्याचा आकडा

1896 साली लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं शिबिर भरलं होतं. रमाबाई तिथे गेल्या होत्या. शारदा सदनातल्या ज्या मुलींनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला होता, त्यांतल्या पंधरा मुली त्यांच्याबरोबर होत्या. एका पहाटे त्या एकट्याच झाडीत प्रार्थनेला गेल्या. या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस मुली मिळाव्यात, असं त्यांनी देवाजवळ मागितलं. तेव्हा सदनात एवढ्या मुलींना जागाच नव्हती. आपण हे काय मागतो आहोत, असं त्यांच्याही मनात आलं. तरी त्यांनी आकडा सोडला नाही.

आपल्याकडे प्रार्थना बहुधा मोघम असते. ‘आमच्या कामाला आशीर्वाद दे, मंडळी वाढव.’ अशा प्रार्थनेचं उत्तर मिळालं की नाही, हे कुणालाच कळत नाही, त्यामुळे प्रार्थना करणारा कधी अडचणीत येत नाही. आकडा सांगितला की आपण बांधले जातो. दोनशे पंचवीस म्हटलं की दोनशे पंचवीस ताटं, पांघरुणं, झोपायला जागा हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. ज्या पुढाऱ्याला आपला आकडा सांगता येत नाही, त्याला आपलं काम अजून नीट दिसलेलं नाही असं समजावं.

इथे एक सावधगिरी हवी. रमाबाईंनी हा आकडा आधी देवाजवळ, एकांतात मांडला. आज पुष्कळ ठिकाणी उलटं होतं. व्यासपीठावरून मोठा आकडा जाहीर होतो, टाळ्या पडतात, आणि मग देवाकडे तो पुरा करण्याची मागणी जाते. त्यात पुढारी विश्वासाच्या नावाखाली स्वतःचं नाव पणाला लावतो आणि देणगीदारांना कोंडीत पकडतो.

पैसे आधी की पाऊल आधी?

आता त्या दोन आवाजांचा मुद्दा. मध्य प्रांतात जायचं ठरलं तेव्हा रमाबाईंच्या हाती फार पैसा नव्हता. जो होता तो शारदा सदनासाठी होता. तरीही त्या निघाल्या. म्हणजे पहिला आवाज जिंकला का?

इतकं सरळ नाही. या काळात रमाबाईंनी ज्या पुस्तकांचा खोल परिणाम आपल्यावर झाला असं सांगितलं आहे, त्यांत ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या कामाचं पुस्तक होतं. चीनमधल्या इनलँड मिशनची हकिगत आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांवरचे मिशनरी जॉन पेटन यांचं चरित्रही होतं. म्युलर यांनी हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि कुणाकडे पैसे न मागता केवळ प्रार्थनेवर काम चालवलं, एवढंच आपण सांगतो. पण आलेल्या प्रत्येक देणगीचा हिशोब ते छापून प्रसिद्ध करत. पैशासाठी हात पसरायचा नाही, पण पैशाचा जाब द्यायला कधी चुकायचं नाही, असे त्या पद्धतीचे दोन भाग होते. आपण पहिला उचलतो आणि दुसरा विसरतो.

रमाबाईंच्या बाबतीत पैशाचा प्रश्न असा सुटला : जागा होती, पाणी होतं, शिकवलेल्या बायका होत्या. रोख रक्कम नव्हती. जी वस्तू उभी करायला वर्षं लागतात ती तयार होती, आणि जी लोकांकडून थोड्या दिवसांत येऊ शकते तिची वाट न पाहता त्या निघाल्या. ‘पैसे नसताना निघाल्या’ या वाक्याचा खरा अर्थ एवढाच आहे. जागा, माणसं आणि पाणी यांच्याशिवाय निघाल्या असत्या तर त्या मुलींना एका दुष्काळातून दुसऱ्यात आणलं असतं.

येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहिल्यावर लोक हसतात. हा दाखला लूकच्या चौदाव्या अध्यायात शिष्यत्वाविषयीच्या कडक बोलण्याच्या मधोमध आला आहे. सर्वस्व सोडायला सांगणारा प्रभू त्याच श्वासात हिशोब करायला सांगतो. खजिनदाराच्या प्रश्नाला अविश्वास म्हणण्याआधी हा अध्याय पुन्हा वाचावा.

मध्य प्रांतात

तिथे त्यांनी जे पाहिलं ते पुढे लिहून काढलं. सरकारी मदतीची कामं आणि गरीबखाने होते, पण तरुण मुली तिथेही सुरक्षित नव्हत्या. देखरेखीवरच्या माणसांपैकीच काहींची नजर वाईट होती, आणि मुलींना फूस लावून नेणारे आसपास घोटाळत होते. म्हणून रमाबाईंनी सरसकट धान्यवाटप हाती घेतलं नाही. तरुण विधवा आणि निराधार मुली यांच्यावरच त्यांनी लक्ष ठेवलं.

ही निवड महत्त्वाची आहे. लाखो लोक उपाशी असताना ‘फक्त मुलीच का?’ असा प्रश्न कुणीही विचारला असता. पण दुष्काळाला एकट्या संस्थेने पुरं पडणं शक्य नव्हतं. जे काम सरकारच्या हातून होत नव्हतं, जे त्यांना स्वतःला आतून कळत होतं आणि ज्याच्यासाठी त्यांच्याकडे तयारी होती, तेवढंच त्यांनी उचललं. मोठं मन असलेल्या पुढाऱ्याला ‘नाही’ म्हणणं जड जातं. पण ज्याला ते जमत नाही त्याच्या हाती शेवटी काहीच धड लागत नाही.

पुण्याचं दार बंद होतं

मुली आणल्या, पण पुण्यात ठेवता येईनात. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला होता. नियम कडक होते आणि बाहेरून आणखी मुली आणून सदनात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावच्या त्या शेतावर आता तात्पुरती छपरं आणि तंबू उभे राहिले. बागेच्या उत्पन्नासाठी घेतलेली जमीन शेकडो जणींचं घर झाली.

या प्रसंगात रमाबाईंची दोन रूपं दिसतात. मनाई आली तेव्हा त्यांनी ती मोडली नाही, मुलींना दुसरीकडे नेलं. पण प्लेगच्या छावणीत आणि इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल, आणि सदनातल्या एका मुलीच्या बाबतीत जे घडलं त्याबद्दल, 1897 मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकारने ते आरोप नाकारले, पण त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. जिथे नियम पाळला तर मुलींचं नुकसान होत नव्हतं तिथे तो पाळला, आणि जिथे गप्प राहिल्याने नुकसान होत होतं तिथे त्या गप्प राहिल्या नाहीत. धाडसी पुढारी प्रत्येक नियमाशी झगडत बसत नाही. कुठे वळसा घालायचा आणि कुठे समोर उभं राहायचं, हे त्याने आधी मनाशी नक्की केलेलं असतं.

रोजची व्यवस्था

मुलींना आणलं, त्या दिवशी वर्तमानपत्राला बातमी मिळाली असेल. खरं काम दुसऱ्या सकाळी सुरू झालं. आलेल्या मुली हाडांचे सापळे होत्या. अंगावर जखमा, डोक्यात उवा. उपासाने इतक्या सैरभैर झालेल्या की पुढ्यात अन्न असूनही लपवून ठेवायच्या. आतडी वाळलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवायला घातलं तर जिवावर बेततं. थोडं थोडं, पातळ, वारंवार द्यावं लागतं. आणलेल्या सगळ्या मुली वाचल्या नाहीत. जी गोष्ट सांगताना हे वाक्य गाळलं जातं, ती गोष्ट पुढच्या पुढाऱ्याला फसवते.

एवढ्या मुलींकडे बघणार कोण? शारदा सदनात शिकलेल्या बायकांवर ही जबाबदारी आली. नव्या मुली लहान लहान गटांत वाटल्या गेल्या आणि एकेका गटाला एकेक बाई नेमली. अंघोळ, कपडे, जेवण, अक्षर ओळख, प्रार्थना हे सगळं तिच्या हाती. कालपर्यंत जिला सांभाळलं जात होतं तीच आज सांभाळणारी झाली. रमाबाईंच्या कामाची वाढ समजून घ्यायची तर ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. सुंदराबाई पवार या सहकारी आणि अमेरिकेहून आलेल्या मिनी अब्राम्स यांच्यासारख्या खंद्या मदतनिसांचाही हातभार होता. त्यामुळे 1898 मध्ये असोसिएशनची दहा वर्षं संपत आली तेव्हा रमाबाईंना स्वतः अमेरिकेला जाऊन पुढच्या मदतीची सोय लावता आली आणि इकडे काम चालू राहिलं. त्याच वर्षी मुक्ती सदनाची इमारत उघडली.

हाताच्या कामांची यादी मोठी आहे : शेती, दुग्धालय, तेलघाणा, विणकाम, शिवणकाम, धुलाई, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी बर्तीमी सदन होतं आणि त्यांना ब्रेल शिकवलं जाई. रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने ती लिपी शिकून घेतली होती. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. 1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा मुक्तीच्या बायकाच मुली आणायला गेल्या आणि केडगावची संख्या जवळजवळ दोन हजारांवर पोचली. तीन वर्षांपूर्वी स्वतः दुष्काळातून आलेल्यांपैकी कित्येकजणी आता नव्या मुलींना न्हाऊमाखू घालत होत्या.

नाव स्पष्ट असावं

रमाबाईंच्या धाडसाची किंमतही सांगितली पाहिजे. शारदा सदन निघालं तेव्हा तिथे कुणाच्या धर्माला हात लावला जाणार नाही, असं आश्वासन होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. रमाबाई स्वतः सकाळी प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या, काहींचा ख्रिस्ती धर्माकडे ओढा वाढला. 1893 मध्ये वाद पेटला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, सल्लागार बाजूला झाले आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

दोन्ही बाजूंचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. रमाबाईंना स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करणं हा विश्वासाचा अपमान वाटत होता. पालकांना आणि सुधारकांना वाटत होतं की शब्द मोडला गेला. सदन तेव्हा मोडलं नाही, पण विश्वास तुटला. केडगावला मात्र असं काही मोघम राहिलं नाही. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि सगळ्यांना ते माहीत होतं. दुष्काळाचा फायदा घेऊन मुलींना ख्रिस्ती केलं, अशी टीका तरीही झाली, आणि उपाशी माणसाच्या निवडीला किती मोकळेपण असतं, हा प्रश्न कोणत्याही प्रामाणिक ख्रिस्ती सेवकाने आजही स्वतःला विचारावा असा आहे. पण निदान दारावर एक आणि आत दुसरं, असं केडगावला नव्हतं. पुढाऱ्याने आपण कशासाठी उभे आहोत ते पहिल्या दिवशीच उघड सांगितलं, तर काही माणसं सुरुवातीलाच येत नाहीत, पण आलेली माणसं नंतर फसवल्याची भावना घेऊन जात नाहीत.

आणखी एक बाजू. रमाबाईंचं धाडस फक्त हिंदू समाजापुढे नव्हतं. इंग्लंडमध्ये ज्या धर्मभगिनींकडे त्या राहिल्या, त्यांच्याशी चर्चच्या अधिकारावरून आणि शिकवणुकीवरून त्यांचे दीर्घ वाद झाले. आपल्या सदसद्विवेकावर दुसऱ्या कुणाचा ताबा त्यांनी मानला नाही, मग तो बिशपचा असो. बाहेरच्यांपुढे वाघ आणि आपल्या वरिष्ठांपुढे गप्प, असे पुढारी पुष्कळ सापडतात. रमाबाई त्यांतल्या नव्हत्या.

नहेम्याची यादी

हाच क्रम पवित्र शास्त्रात बघायचा तर नहेम्याचं पुस्तक उघडावं. यरुशलेमचे कोट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात मिळाली. तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. राजा अर्तहशश्तापुढे तो बोलला तो नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. राजाने ‘तुला काय पाहिजे?’ असं विचारलं तेव्हा त्याने मनातल्या मनात देवाचा धावा केला आणि लगेच यादी सांगितली : किती मुदत लागेल, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं, राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याला लाकडासाठी पत्र. लाकूड कुठल्या दारांना आणि कोटाला लागेल हेही त्याने आधीच काढून ठेवलं होतं.

यरुशलेमला पोचल्यावर तीन दिवस त्याने आपला बेत कुणाला सांगितला नाही. रात्री थोडीशी माणसं घेऊन कोट पाहून आला, आणि मगच लोकांना बोलावलं. कोट बावन्न दिवसांत झाला हे सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीचे चार महिने आणि ती रात्रीची पाहणी आपण भाषणांत घेत नाही, कारण त्यात रोमांच नाही.

धाडस की बेपर्वाई?

तर मग मंडळीच्या सभेत, एखादं मोठं काम समोर असताना, नेमकं काय बघावं? रमाबाईंच्या आणि नहेम्याच्या वाटेवरून काही खुणा मिळतात.

पहिली, धोका कुणाच्या माथी आहे? रमाबाईंनी आपलं नाव, आपली संस्था, आपली शांती पणाला लावली. जो पुढारी विश्वासाच्या नावाने दुसऱ्यांची बचत, गरीब सभासदांचे दागिने किंवा मंडळीची जमीन पणाला लावतो आणि स्वतः सुरक्षित राहतो, त्याच्या धाडसाला बेपर्वाई म्हणावं.

दुसरी, उभारायला वेळ लागणाऱ्या गोष्टी तयार आहेत का? माणसं, जागा, शिकवलेले हात. नसतील तर आजचं विश्वासाचं पाऊल म्हणजे ती तयारी सुरू करणं. त्यासाठीही विश्वास लागतोच, कारण ते काम कुणाला दिसत नाही.

तिसरी, पैशाचा हिशोब कोण तपासतं? तपासणारा पुढाऱ्याचा नातेवाईक नसावा.

चौथी, विरोध झाला तर त्यात काही खरं आहे का, हे ऐकण्याची तयारी आहे का? प्रत्येक टीका सैतानाकडून येते असं मानणारा पुढारी लवकरच एकटा पडतो, आणि मग चूक सांगणारं कुणी उरत नाही.

पाचवी, आज ज्यांची सेवा करतो आहोत, ती माणसं उद्या काम हाती घेतील अशी व्यवस्था आहे का? नसेल तर सगळं एका माणसाच्या खांद्यावर राहील, आणि ते खांदे थकले की काम थांबेल.

आणि या सगळ्या खुणा पटल्या, तरी शेवटी असा एक क्षण येतोच की कागदावरचा हिशोब पुरा होत नाही. हाती असलेलं आणि लागणारं यात थोडं अंतर उरतंच. त्या अंतरावर प्रार्थना करून पाऊल टाकायचं, यालाच विश्वास म्हणतात. खजिनदाराने आपला हिशोब प्रामाणिकपणे मांडला असेल, तर ते अंतर किती आहे हे सगळ्यांना दिसतं, आणि मंडळी डोळे उघडे ठेवून ‘आमेन’ म्हणू शकते.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम होतं मूळ इब्री आणि ग्रीक भाषा स्वतः शिकून सोप्या मराठीत बायबल आणण्याचं. कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं असं बायबल. त्याचे खिळे जुळवले, पानं छापली ती केडगावच्याच बायकांनी. 1921 मध्ये मनोरमा गेली. पुढच्या वर्षी, 5 एप्रिल 1922 ला, अनुवाद पुरा करून रमाबाई गेल्या. केडगावचं काम आजही चालू आहे. मंडळीच्या पुढच्या सभेत कुणी मोठं काम सुचवलं, तर विषय लांबणीवर टाकू नका. त्या माणसाला एक आकडा विचारा, एक जागा विचारा आणि उद्या सकाळी पहिलं काम कोण करणार त्याचं नाव विचारा. तीन उत्तरं मिळाली, तर उरलेल्यासाठी गुडघे टेका आणि कामाला लागा.